टायरेल पी३४: सहा चाकं असूनही मागे का पडली?

प्रश्न: टायरेल संघाच्या या फॉर्म्युला वन गाडीला पुढे चार छोटी चाकं लावून फायदा काय? आणि १९७७ मध्ये गाडी एवढी का ढेपाळली?

उत्तर १: गाडीचा डिझायनर डेरेक गार्डनरचा हिशेब साधा. १० इंची चाकं नाकाडामागे लपतात, हवेचा अडथळा घटतो. पण मागची रुंद चाकं उघडीच, म्हणून तो फायदा थोडाच! खरी कमाई वळणात शिरताना: जमिनीला टेकणारं रबर जास्त.

उत्तर २: १९७६, स्वीडनमधलं अँडरस्टॉर्प: टायरेलचे चालक शेक्टर पहिला, देपायये दुसरा. जिंकली ती एवढीच शर्यत. चालकाला पुढची चाकं दिसावीत म्हणून कॉकपिटच्या कडेला खिडकीही होती.

उत्तर ३: घोडं अडलं टायरपाशी. १० इंची टायर फक्त हिलाच लागायचे. टायर कंपनी गुडइयरने मागचे सुधारले, पुढचे मागे राहिले. मग गाडी वळेचना. पकडीसाठी पुढची चाकं बाहेर सरकवली, तर ती नाकाडाबाहेर डोकावू लागली. मूळ हेतूच गेला. शिवाय वजन वाढलं ते वेगळंच.