मदत हवी आहे : पत्र्याच्या छपराला विजेपासून संरक्षण
नमस्कार. सावंतवाडीजवळच्या आमच्या घराची कौले काढून आम्ही लोखंडी सांगाड्यावर ०.५ मिलिमीटर जाडीचे पत्रे घातले आहेत. पत्रा वीज ओढून घेतो हा समज खरा नाही. परंतु पडलेल्या विजेला जमिनीत उतरायला वाट हवी, आणि भिंती जांभ्याच्या असल्यामुळे ती आमच्याकडे नाही. तांब्याच्या स्पर्शाने जस्ताचा पत्रा लवकर गंजतो, म्हणून चारही कोपऱ्यांतून जस्तलेपित लोखंडी पट्ट्या खाली आणाव्यात, असा विचार आहे. प्रश्न अर्थिंगचा आहे : उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या कातळात अर्थिंगचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) १० ओहमच्या आत कोणी, कसा आणला? शिवाय गेल्या ऑक्टोबरात वीज दूर पडूनही आमचा इन्व्हर्टर जळाला. तेव्हा मीटरजवळ कोणत्या प्रकारचा सर्ज प्रोटेक्टर (वीजदाबाच्या अचानक उसळीपासून उपकरणे वाचवणारे साधन) बसवावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.