मदत हवी आहे : दहावीतल्या मुलाची प्रयोगवही वर्गातल्या मुलांनी फाडली, पुढे काय करू?

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो, पतसंस्थेत नोकरीला आहे. मुलगा दहावीला, मराठी माध्यम, राज्य मंडळ. गाव लहान आहे म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मागच्या गुरुवारी खेळाच्या तासाला वर्ग रिकामा होता. मुलगा मैदानावरून परत आला तर दप्तराची चेन उघडी आणि विज्ञानाची प्रयोगवही गायब. शाळा सुटल्यावर शिपाईमामांना ती पाण्याच्या टाकीमागे चिखलात सापडली. आकृत्यांची पानं ब्लेडनं कापून काढलेली होती. ज्यांनी प्रयोगवही पाहिली आहे त्यांना माहीत असेल, पानाची एक बाजू कोरी असते आणि दुसरी रेघांची. त्यामुळे आकृती कापली की मागचं साहित्य, कृती, निरीक्षणं सगळंच जातं. चौदा प्रयोग लिहून झाले होते, चौदांवर सरांच्या सह्या होत्या. आता धड पानं पाच उरलीत, तीही भिजून फुगलेली.

माझ्या मुलाचा हात चांगला आहे. यीस्टच्या मुकुलायनाची आकृती त्यानं इतकी सुरेख काढली होती की सरांनी ती वही दुसऱ्या तुकडीत नेऊन दाखवली. मला वाटतं तिथंच कुठंतरी ठिणगी पडली. त्याआधी वर्गातल्या तिघांनी त्याच्याकडे वही उतरवून काढायला मागितली होती आणि यानं दिली नाही, कारण सरांनी ताकीद दिली होती. तेव्हापासून तो ‘सरांचा चमचा’.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही, आणि इथं मला माझी चूक कबूल करायची आहे. जुलैत त्याची भूमितीची वही फाटून आली. मी विचारलं तर म्हणाला, पडली. ऑगस्टमध्ये कंपासपेटीतलं कर्कटक मोडलेलं. सप्टेंबरअखेर त्याची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा होती. दोन महिने तो स्मरणचित्रं आणि स्थिरचित्रं करत होता. सरावाच्या कागदांची गुंडाळी कलेच्या सरांना दाखवायला शाळेत नेली, तर कुणीतरी तिच्यावर रंगाचं पाणी ओतलं. या परीक्षेत ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ गुण वाढून मिळतात, बीला ५ आणि सीला ३. पण गुणांचं सोडा. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही, आणि मी त्याला म्हणालो, “तूच काहीतरी केलं असशील. उगीच कोण कुणाच्या वाटेला जातं?” त्यानंतर त्यानं मला काही सांगणं बंद केलं.

आणखी एक. दर वेळी मी आणि बायकोनं रात्री जागून नवी वही करून दिली. ती मजकूर सांगायची, मी समास आखायचो, पोरगं लिहायचं. फाटकी वही रद्दीत. आम्हाला वाटायचं आपण पोराला मदत करतोय. आता कळतंय की शाळेला दाखवायला आमच्या हातात काहीच उरलं नाही.

या वेळी एक गोष्ट हाती आहे. कापलेल्या आकृत्यांचा फोटो एका मुलानं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवला होता, खाली हसण्याच्या खुणा. वर्गातल्या एका मुलीच्या आईनं त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला, पण माझं नाव कुठं घेऊ नका म्हणून हात जोडले. त्या तिघांपैकी एकाचे वडील शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. वर्गशिक्षकांना भेटलो तर ते म्हणाले, “पोरं आहेत, मस्ती करतात. नवी वही करून आणा, मी सह्या करतो, विषय मिटवा.” माणूस वाईट नाही, पण त्यांना खरंच तेवढंच दिसतंय.

मुलगा म्हणतो, “पप्पा, शाळेत येऊ नका. फेब्रुवारीपर्यंतच तर आहे.” तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीत असते. विज्ञानाचे दोन पेपर ४०-४० चे आणि प्रात्यक्षिकाचे २०. त्या २० गुणांची मला काळजी आहेच. पण पोरगं रात्री दोन-दोनदा उठून दप्तर तपासतं, त्याची जास्त आहे.

तक्रार कशी आणि कुणाकडे करावी? त्या बाईंचं नाव न घेता स्क्रीनशॉट वापरता येईल का? आणि मुलगा नको म्हणत असताना मी शाळेत जावं का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून वाईट वाटलं, कारण “नवी वही करून आणा” हे मीही पालकांना सांगितलेलं आहे.

आधी वहीचं. घाबरू नका. प्रात्यक्षिकाचे २० गुण शाळेतूनच मंडळाकडे जातात. प्रयोग तपासले की बहुतेक शिक्षक स्वतःच्या नोंदवहीत टिपून ठेवतात, मी ठेवायचो. विज्ञानाच्या सरांना विचारा, चौदा प्रयोग पूर्ण झाल्याची नोंद त्यांच्याकडे असली तर त्यांनी मुख्याध्यापकांना तसं लिहून द्यावं. नव्या वहीवर त्यांनी आजच्या तारखेनं सही करावी. मागची तारीख घालून सही अजिबात घेऊ नका. मागच्या तारखा पडल्या की वही कधी फाटलीच नव्हती असं होतं.

दुसरं, फाटकी वही टाकू नका. वाळवा, प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि ती घरीच ठेवा. शाळेत फक्त फोटोंच्या प्रती द्या.

तक्रार मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्जात करा. दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. आवक क्रमांक पडला की फाईल तयार होते आणि मग कार्यकारिणीतल्या माणसालाही तिच्यावर नुसतं बसून राहता येत नाही. अर्जात मुलांना ‘गुंड’ वगैरे म्हणू नका. काय, कधी, कुठं घडलं आणि कुणी पाहिलं, एवढंच. आठ-दहा दिवसांत काही हललं नाही तर तोच अर्ज जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे.

आणि एक मागणी नक्की करा. परीक्षा होईपर्यंत त्याची प्रयोगवही प्रयोगशाळेच्या कपाटात राहू द्या. किल्ली सरांकडे असते. छोटी गोष्ट आहे, पण पोराचं रात्री दप्तर तपासणं कदाचित थांबेल.

प्रतिसाद

सरळ त्या तिघांच्या घरी जा आणि बापांना विचारा. पोराला म्हणावं, एकदा एकाच्या कानाखाली वाजव, पुन्हा कुणी हात लावणार नाही. आमच्या वेळी असंच मिटायचं.

प्रतिसाद

वरच्या दादांना हात जोडून विनंती, असा सल्ला देऊ नका. माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही नेमकं हेच केलं होतं. नववीत तिच्या वह्यांवर पेनानं घाण घाण लिहायच्या मुली. माझे मिस्टर एकीच्या घरी गेले. दारातच बाचाबाची झाली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तक्रार आली ती आमच्याच विरुद्ध, घरात घुसून दमदाटी केली म्हणून. वह्यांचा विषय बाजूला पडला तो पडलाच.

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते. मुलगा येऊ नका म्हणतो, कारण तुम्ही आलात की बाहेर काय होईल हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याचं भय खोटं नाही. म्हणून त्याला डावलून जाऊ नका आणि त्याचं ऐकून गप्पही बसू नका. अर्ज त्याच्यासमोर लिहा. कुठलं वाक्य नको ते त्याला ठरवू द्या. आमच्या मुलीनं एकच अट घातली होती, वर्गात सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन कुणाला उभं करायचं नाही. मॅडमनी ती पाळली. त्यानंतर ती निदान बोलायला तरी लागली.

स्क्रीनशॉटवर त्या बाईंचं नाव किंवा नंबर दिसत असेल तर तेवढा भाग झाकून छापा. ‘स्टेटस वर्गातल्या अनेकांनी पाहिलं आहे’ असं लिहा, ते खरंच आहे. तुमचा सोर्स कोण हे शाळेला सांगायलाच हवं असं नाही. फक्त तो फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा मोह टाळा. तीही पंधरा वर्षांची पोरं आहेत, आणि एकदा ग्रुपवर भांडण गेलं की शाळा अंग काढून घेते.

सीसीटीव्हीचं विचारलंत का? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शासनानं शाळांना कॅमेरे बसवायला आणि तक्रारपेटी ठेवायला सांगितलंय. २०२२ पासून मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समितीही शाळेत असायला हवी. तुमच्या शाळेत कॅमेरा असेल तर गुरुवारच्या खेळाच्या तासाचं चित्रीकरण जपून ठेवावं, असं अर्जात आजच लिहा. जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं.

शाळा बदलायचा विचार मनात येत असेल तर या वर्षी नको. दहावीचा फॉर्म शाळेतूनच भरला जातो, आता डिसेंबरात हलवाहलव केली तर त्रास त्यालाच होईल. आणि तो झोपत नसेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात. त्याला स्वतःला कुणाशी बोलायचं असेल तर मुलांसाठी १०९८ आहे. आम्ही फार उशिरा केला फोन.

धागाकर्ता

सर, ताई, मनापासून आभार. कानाखाली वाजवायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांच्यावर राग नाही. दोन महिन्यांपूर्वी मीही तेच म्हणालो असतो. पण माझा मुलगा मारणारा नाही, आणि तो तसा नाही याचं आता मला वाईट वाटत नाही.

काल रात्री त्याला शेजारी बसवलं. आधी सप्टेंबरातल्या माझ्या बोलण्याबद्दल त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही, मान खाली घालून बसला. मग म्हटलं, अर्ज लिहायचाय, तारखा मला नीट आठवत नाहीत, तू लिहून देशील का? त्यानं कंपासपेटीच्या तळातून घडी घातलेला कागद काढला. आधीच लिहून ठेवलं होतं सगळं. तारीख, तास, काय झालं. एकूण अकरा नोंदी. मला त्यातल्या चारच माहीत होत्या. एका नोंदीत इतकंच होतं, “डबा. पप्पांना सांगू नये.” त्या दिवशी डब्यात खडूची पूड टाकली होती, हे बायकोनं विचारल्यावर त्यानं सांगितलं. ती उठून आत गेली.

आज सकाळी अर्ज दिला. क्लार्क म्हणाला, ठेवून जा, साहेब आले की बघतील. मी शिक्क्यासाठी उभा राहिलो, पंधरा मिनिटं गेली, पण आवक क्रमांक मिळाला. कॅमेरा जिन्यावर आहे, वर्गात नाही. पण वर्गाकडे जायला तोच जिना आहे, म्हणून चित्रीकरण जपायची मागणी लिहिली. सर, विज्ञानाच्या शिक्षकांकडे नोंद निघाली, चौदाच्या चौदा प्रयोगांची. ते स्वतःहून म्हणाले, वही कपाटात ठेवू आणि तो मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून लिहील. पोरगं आज दोन प्रयोग लिहून आलंय. बहिर्वक्र भिंगाचा झाला. यीस्टचं पान मात्र कोरं सोडलंय, ते शेवटी काढणार म्हणतो.

मुलाची अट ताईंच्या मुलीचीच निघाली, वर्गात नाव घ्यायचं नाही. ती अर्जात लिहिली आहे.

मुख्याध्यापकांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बोलावलं आहे. त्या तिघांचे पालकही येणार आहेत आणि माझा मुलगाही हवा असं ते म्हणतात. मुलाला त्या तिघांसमोर बसायचं नाहीये. त्याची अकरा नोंदींची यादी त्याच्याऐवजी मी वाचून दाखवली तर चालेल का, की मुख्याध्यापकांनी त्याच्याशी आधी एकट्याशी बोलावं असं लेखी मागू? कुणी अशा बैठकीत बसलं असेल तर शनिवारच्या आत सांगा.