वाळवी लागलेला सागवानी चौरंग संखेड्यासारखा रंगवायचाय

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)
नमस्कार मंडळी. जुना सागवानी चौरंग आहे, दोन फूट बाय दोन फूट, पाय कातीव. एक पाय खालून वाळवीने पोखरलाय, वरच्या दोन फळ्यांमधला सांधा 3 मिमी उघडलाय आणि कलशाखालचा काळा डाग घासूनही जात नाही. गुजरातेतल्या संखेडा गावच्या लाखकामाच्या फर्निचरच्या धर्तीवर लाल-सोनेरी करायचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी? सोनेरीसाठी बाजारातला गोल्ड पेंट चालेल का?

उत्तर 1
आधी पाय. खालून स्क्रूड्रायव्हर टोचत वर जा, टोक रुतायचं थांबेल तिथवर कापून टाका. नुसत्या पुट्टीने भरलेला पाय भार पेलत नाही, कडेने सुटतो. त्याऐवजी जुन्या सागाचा तुकडा 8 मिमीच्या लाकडी खुंटीवर बसवा, खुंटी दोन्हीकडे निदान 20 मिमी आत जाऊ द्या. फेव्हिकॉल एक दिवस वाळला की मगच वाळवीचं तेलातलं औषध ब्रशने आणि सिरिंजने सोडा. उलट क्रम केलात तर तेलकट लाकडावर फेव्हिकॉल धरणारच नाही. वास पूर्ण जाईपर्यंत रंगाला हात लावू नका.

सांध्यात पुट्टी अजिबात नको. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असताना एवढी फट आहे, तर उन्हाळ्यात ती वाढणार आणि पुट्टी रंगासकट तडकणार. सागाची बारीक पट्टी तासून बसवा, फेव्हिकॉल तिच्या एकाच कडेला लावा. वेलबुट्टी सांध्यावरून आडवी नेऊ नका, नक्षीची रेघच सांध्यावर येईल अशी आखणी करा.

उत्तर 2
जुनं पॉलिश काढून 80, 120, 220 नंबरचा घासकागद क्रमाने मारा, रेषांच्या दिशेने. मग चपड्याचे (लाखेच्या पापड्या, म्हणजे शेलॅक) दोन हात: 200 मिली स्पिरिटमध्ये 30 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून मलमलीतून गाळलेला. हा टप्पा चुकवू नका. सागाच्या अंगच्या तेलामुळे ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो, आणि काळा डागही रंगातून वर येतो. चपडा दोन्ही अडवतो.

त्यावर लाल ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये 24 तास.

गोल्ड पेंट मात्र नको. त्यातली पितळी पूड पुढे काळवंडते. संखेड्याचं सोनं मुळात सोनेरी नसतंच! कारागीर कथलाचा वर्ख सरसात खलून नक्षी काढतात, अकीकाच्या दगडाने घोटून चकाकी आणतात आणि वर लाख चढवतात. लाखेच्या पिवळसर थरातून ते रुपेरी कथील सोन्यासारखं दिसतं. घरी तेलातला ॲल्युमिनियम पेंट 0 आणि 1 नंबरच्या ब्रशने वापरा, आठवडाभर वाळू द्या आणि वर नारिंगी चपड्याचे दोन-तीन हात द्या. प्रत्येक हाताला सोनं गडद होत जातं, हवी ती छटा आली की थांबा. नक्षी ॲक्रिलिकने काढलीत तर चपड्यातल्या स्पिरिटने ती मऊ होऊन पसरेल.

उत्तर 3
वरच्या उत्तरात एक भर हवी. चपडा हा शेवटचा थर ठेवला तर कलशाच्या पाण्याने पांढरे डाग पडतील आणि समईच्या उष्णतेने तो मऊ होईल. वर पीयूचे (पॉलियुरेथेन वॉर्निश) दोन हात लागतात. पण साध्या चपड्यात मेण असतं, त्यावर पीयू पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून वरच्या हातांसाठी विरघळवलेला चपडा काचेच्या बाटलीत तीन-चार दिवस न हलवता ठेवा. मेण खाली बसतं, वरचा स्वच्छ भाग अलगद ओतून तेवढाच वापरा.

प्रश्नकर्ता
आभार! सध्या पावसाची झड आहे. चपडा पांढुरका पडला तर?

उत्तर 3
स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल थरात शिरते, त्यामुळे तसं होतं. कोरड्या दुपारी स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा एकदाच हलकेच फिरवा, धुरकटपणा जातो. मागे-पुढे घासलात तर थरच निघून येईल. झड ओसरेपर्यंत थांबणं उत्तम, तोवर पायाची खुंटी आणि सांधा उरकून घ्या.