ऋण प्रबलन की शिक्षा? आणि टॉलमनचे उंदीर कुठे बसवायचे? (टीईटी, मदत हवी आहे)

टीईटीच्या बालमानसशास्त्राची तयारी चालू आहे. दोन ठिकाणी गाडी अडलीये. इथल्या बी.एड. आणि मानसशास्त्रवाल्यांनी जरा हात द्या.

पहिलं. सराव प्रश्नसंचात असं आहे: 'गृहपाठ न केल्याने राजूला खेळाच्या तासाला जाऊ दिले नाही. हे कशाचे उदाहरण?' उत्तर छापलंय ऋण प्रबलन. मला काही पटत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या हिशोबात प्रबलन म्हटलं की वर्तन वाढायला हवं ना? कळ दाबली की विजेचा झटका थांबतो, म्हणून उंदीर कळ जास्त दाबायला लागतो, ते ऋण प्रबलन. इथे तर आवडीची गोष्ट काढून घेऊन टाळाटाळ कमी करायचीये. ही शिक्षाच झाली की! क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "उत्तरसूचीत आहे तेच लिहा."

दुसरं जास्त छळतंय. थॉर्नडाइकची मांजर (1898) कळते. पेटीत ओरबाडते, चावते, कधीतरी फासा ओढला जातो, दार उघडतं, बाहेर खाऊ. पुढच्या खेपांना वेळ कमी कमी होत जातो. समाधान मिळालं म्हणून बंध पक्का, परिणामाचा नियम. पण टॉलमन आणि हॉन्झिक (1930)? त्यांच्या एका गटातल्या उंदरांना भुलभुलैयात पहिले दहा दिवस अन्नच नव्हतं, नुसते भटकत होते. अकराव्या दिवशी अन्न ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी चुका धाडकन उतरल्या, पहिल्यापासून अन्न मिळणाऱ्या गटाइतक्या. मग आधीचे दहा दिवस ते प्रबलनाशिवाय शिकत होते? तसं असेल तर परिणामाचा नियम बाद का? नोट्समध्ये 'सुप्त अध्ययन (लगेच न दिसणारं शिकणं), बोधात्मक नकाशा (डोक्यात तयार झालेला रस्त्याचा नकाशा)' एवढ्यावर विषय गुंडाळलाय. पर्यायांत वर्तनवादी (फक्त दिसणारं वर्तन बघणारे) आणि बोधात्मक (डोक्यातल्या विचारप्रक्रिया मानणारे) दोन्ही असले तर टिक कशाला करू?

प्रतिसाद १
राजूबद्दल तुमचंच बरोबर. दोनच गोष्टी बघायच्या: काही दिलं की काढून घेतलं, आणि वर्तन वाढलं की घटलं. काढून घेतलं आणि घटलं, तर ऋण शिक्षा. मात्र निकाल परिणामावर लागतो, शिक्षकाच्या हेतूवर नाही. राजूला खेळाचा तास नकोसाच असेल तर गृहपाठ न करून त्याची सुटका झाली, आणि तो पुढेही करणार नाही. मग ते खरंच ऋण प्रबलन! प्रश्न काढणाऱ्याने इतका विचार केला असेल असं वाटत नाही.

प्रतिसाद २
टॉलमनचं म्हणणं असं की शिकणं वेगळं आणि शिकलेलं करून दाखवणं वेगळं. रस्ता उंदरांना आधीच माहीत झाला होता, धावायला कारण अकराव्या दिवशी मिळालं. विरोधकही गप्प बसले नाहीत. अन्न नसलेल्या उंदरांच्या चुकाही थोड्या कमी होत होत्याच, आणि शेवटाला पोचल्यावर भुलभुलैयातून बाहेर काढतात हेच बक्षीस नाही का, असा त्यांचा सवाल. त्यामुळे नियम 'बाद' वगैरे म्हणू नका. गंमत म्हणजे टॉलमन स्वतःला वर्तनवादीच म्हणवायचा, हेतुवादी वर्तनवादी. परीक्षेत मात्र बोधात्मकवर टिक करा.

जोडीला मानसशास्त्रज्ञ बंडुराचा 1965 चा प्रयोग वाचा. बाहुलीला मारणाऱ्या माणसाला शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी नक्कल कमी केली. पण 'करून दाखवलंस तर बक्षीस' म्हटल्यावर त्यांनाही सगळं येत होतं. टॉलमनचाच मुद्दा, फक्त उंदरांच्या जागी मुलं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार, बंडुरामुळे टॉलमन डोक्यात शिरला! आता अजून एक. माझ्या शिकवणीत एक मुलगा आहे, गणिताला दंगा करतो. 'बाहेर उभा राहा' म्हटलं की खुशीत जातो, आणि दंगा रोज वाढतोय. हे कुठल्या खणात टाकू?

प्रतिसाद १
गणित टळतंय, म्हणजे ऋण प्रबलन. बाहेर हसवायला मित्र भेटत असतील तर धन प्रबलनही (आवडीचं काही मिळाल्याने वर्तन वाढणं). एक दिवस त्याला आतच बसवून सोपी दोन गणितं द्या आणि काय होतं ते इथे लिहा.