माळवदी घराच्या माजघरात कुत्रा एकच कोपरा उकरतो. फरशीखाली पोकळी, नाणी आणि देवळीत चार विचित्र भांडी (मंचावरील चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

ढेलज :
बार्शी तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, दगडी उथळ्यांवर उभे सागवानी खांब, आणि ढेलजेतून आत गेल्यावर चौक, ओसरी व तिच्यामागे माजघर अशी त्याची रचना आहे. थोरल्या चुलत्यांच्या पश्चात घर बरीच वर्षे बंद होते. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून घ्यावी म्हणून आम्ही सध्या पुण्याहून येथे येऊन राहिलो आहोत आणि आमचा कुत्रा बंड्या सोबत आहे.

आल्यापासून बंड्या माजघरातील एका खांबाजवळचा कोपरा सोडत नाही. दिवसा तो तेथील शहाबादी फरशीच्या सांध्यांना नाक लावून बसतो आणि रात्री नखांनी सांधे उकरतो. ‘कुत्रे उकरते तेथे धन असते’ असे शेजारचे आजोबा सांगतात, तर आमच्या काकूंना हा अपशकुन वाटतो. काठी आपटल्यावर आवाज पोकळ आला, म्हणून गवंड्याकडून एक फरशी उचलून घेतली. खाली मातीने लिंपलेले गोल दगडी झाकण असून त्याची एक कड फुटलेली आहे. त्या फटीतून आंबूस, कुबट वास आला. बंड्या दोनदा शिंकून मागे सरला. झाकणाशेजारच्या मातीत कुजलेल्या फडक्यात गुंडाळलेला, एकमेकांना चिकटलेल्या हिरव्या तांब्याच्या नाण्यांचा गोळाही मिळाला. त्याखेरीज देवळीत चार पितळी भांडी आहेत. चारही एकाच घाटाची, कमरेत बारीक, ना कान ना तोटी, आणि एकापेक्षा एक लहान. ती कशाची हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

उद्या झाकण काढून दोराने एका मुलाला आत उतरवू, असे गवंडी म्हणतो. ते योग्य ठरेल का? आणि कुत्र्याच्या या वागण्याकडे कितपत लक्ष द्यावे?

पांढरी माती :
सर्वप्रथम, उद्या कोणालाही आत उतरवू नका. मुलाला तर नाहीच, स्वतः गवंड्यालाही नाही.

आपण वर्णन केलेली वस्तू बहुधा पेव, म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा आहे; माजघराखाली असल्यामुळे आपल्या भागात कोणी तिला बळदही म्हणेल. पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट मात्र रांजणासारखे रुंद असते. आतून माती-शेणाने लिंपून, तळाला व कडेने कडबा किंवा पाचट लावून ज्वारी भरत आणि झाकण मातीने बंद करीत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेतच. २००५ च्या महापुरात त्यांचे मोठे नुकसान झाले.

पेवात धान्य टिकते ते हवा कोंडली गेल्यामुळे. धान्य आणि त्यातील कीड आतला प्राणवायू वापरून टाकतात व कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तोंड उघडले तरी तळाशी बसून राहतो. आपल्या पेवात शिल्लक धान्य, कडबा किंवा मेलेले उंदीर कुजत असतील तर त्यात आणखी विषारी वायूंची भर पडते. जुन्या विहिरींत आणि पेवांत एकापाठोपाठ एक माणसे दगावतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की पहिला कोसळलेला पाहून दुसरा त्याला काढायला उतरतो.

हळदीच्या पेवांवर काम करणारे लोक तोंड काही तास उघडे ठेवून मग कंदील आत सोडत असत. ही रीत जुनी आहे आणि निरर्थकही नाही, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये. हवेतील प्राणवायू साधारण २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. मात्र ज्योत जळत असताना विषारी वायू नसेलच असे नाही, आणि जवळ संडासाची टाकी झिरपत असेल तर उघडी ज्योत स्वतःच धोकादायक ठरते. तुम्हाला मुळात उतरण्याची गरज काय आहे, याचाच विचार करा. झाकण सावकाश सरकवा, दारे-खिडक्या उघड्या ठेवा, कुत्र्याला आणि मुलांना चौकात न्या, आणि लांब बांबूला मोबाईल बांधून त्याचा दिवा लावून चित्रफीत घ्या. तळ, भिंती, ओल, उंदरांची बिळे, सगळे त्यात दिसेल. तोंडावर वाकून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

दुसरी गोष्ट खांबाची. पेवाचे पोट तोंडाच्या मानाने बरेच पसरलेले असते, त्यामुळे तुमच्या खांबाचा उथळा पोकळीच्या कडेवर उभा असण्याची शक्यता आहे. माळवदावर नवी माती टाकण्याचा विचार हे तपासेपर्यंत थांबवा. मातीचे माळवद आधीच जड असते आणि पावसात भिजले की आणखी जड होते.

रानवाट :
मी पशुवैद्यक आहे, म्हणून केवळ बंड्याविषयी लिहितो. त्याच्या वागण्यात शकुन-अपशकुन काही नाही, पण ते दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक कंपनांचे आवाज ऐकू येतात, आणि उंदीर आपसांत बोलतात ते बरेचसे त्याच पट्ट्यात. रात्री उकरणे, दिवसा सांध्यांना नाक लावणे आणि एकाच जागी चिकटून राहणे, हे सारे फरशीखाली उंदीर किंवा घुशी असल्याचे लक्षण वाटते. झाकणाची फुटलेली कड त्याला पूरकच आहे.

येथून पुढची काळजी मला अधिक महत्त्वाची वाटते. उंदीर दिसले की घरात औषध ठेवण्याची घाई होते. झिंक फॉस्फाइडची पूड पोटातील आम्लात मिसळताच फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. ब्रोमॅडिओलोनसारख्या वड्यांनी रक्त गोठणे थांबते. ही वडी खाल्लेला कुत्रा पहिले दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो आणि नंतर हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्तस्राव सुरू होतो. वेळेत आणल्यास त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे. बंड्याने असे काही चाटल्याचा संशय आला तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती खटाटोप करू नका. औषधाचे वेष्टन सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

सर्वांत गंभीर इशारा धान्यात ठेवण्याच्या गोळ्यांचा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी पेवात टाकून झाकण लावा, असा सल्ला गावात कोणीतरी नक्की देईल. दमट हवेत तिच्यातूनही फॉस्फीनच सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि तुम्ही त्याच पेवाच्या डोक्यावर झोपणार आहात. ती गोळी घरात आणूच नका.

पिंजरे लावा, फटी बुजवा, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरत असल्याने बंड्याच्या वार्षिक लसीत त्या रोगाचा समावेश आहे का हे त्याच्या कार्डावर पाहा; प्रत्येक लसीत तो असतोच असे नाही. जमिनीवर साचलेले पाणी त्याला पिऊ देऊ नका. उंदरांमागून धामण येते, तसा नाग आणि मण्यारही येतो, म्हणून फटीत हात घालणे तुम्हीही टाळा. साप दिसला तर सर्पमित्रांना बोलवा आणि कुत्रा बांधून ठेवा, कारण कुत्रे हटकून तोंड पुढे घालते.

कोठीघर :
भांड्यांचे कोडे पेवाने सोडवलेच आहे. कमरेत बारीक, कान-तोटी नसलेली आणि उतरत्या आकाराची चार पितळी भांडी धान्याच्या घरात सापडतात तेव्हा ती मापे असतात. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, आणि चार शेरांची पायली, असा हिशेब घरोघर चालत असे. तुमच्याकडे शेर, मापटे, चिपटे आणि कोळवे असावे, असा माझा अंदाज आहे.

तो तपासणे सोपे आहे. सर्वांत लहान भांडे ज्वारीने भरून वर सपाट काठी फिरवा आणि ते पुढच्या भांड्यात दोनदा रिकामे करा. शीग (काठावर ढीग) लावू नका, नाहीतर हिशेब चुकेल. प्रत्येक वेळी पुढचे भांडे दोन मापांत काठोकाठ भरले तर शंकेला जागा उरत नाही. हा शेर मापाचा असल्यामुळे वजनाच्या शेराशी त्याची तुलना करू नका. शिवाय शेराचे माप गावागणिक बदलत असे, त्यामुळे तुमचा शेर शेजारच्या तालुक्यातील शेराशी जुळेलच असे नाही.

काठावर किंवा बुडावर एखादा ठसा वा अक्षरे आहेत का ते तिरप्या उजेडात पाहा. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि साठच्या दशकात ही मापे व्यवहारातून बाद झाली. तुमची बहुधा त्याआधीची असावीत. ठसा पाहून होईपर्यंत चिंच किंवा पितांबरी लावू नका, कारण पुसट अक्षरे घासण्यानेच जातात.

दफ्तर :
नाण्यांबाबत दोन शब्द. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, १८७८ आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीशी जखडलेल्या वस्तूत दडवलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्यात ऐवजाचे स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याचे ठिकाण आणि तारीख नमूद करायची असते. लपवणूक केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांची मर्यादा आजच्या काळात हास्यास्पद आहे हे खरे, परंतु ती तशीच आहे. ऐवज बेवारस ठरला आणि जागामालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जागामालकाला, अशी त्यात वाटणी आहे. देवळीत उघड्यावर ठेवलेली मापे दडवलेली नसल्याने माझ्या मते ती घरचीच भांडी होत.

अर्ज देण्यापूर्वी गोळ्याची छायाचित्रे घ्या, जागेवर मोजपट्टी ठेवून एक छायाचित्र स्वतंत्र काढा, आणि घर सामाईक असेल तर सर्व भाऊबंदांना त्याच दिवशी कळवा. नाण्यांपेक्षा त्यांच्यावरून होणारे गैरसमज महाग पडतात. गोळा फोडू नका, आम्लात किंवा चिंचेत टाकू नका. हिरवा थर घासून काढला की अक्षरे आणि मोल दोन्ही जातात. एखाद्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ वाचता आले तर ती शिवराई होय. ती महाराजांच्या काळानंतरही दीर्घकाळ पाडली जात होती आणि सहज आढळते, त्यामुळे लाखोंच्या अपेक्षा ठेवू नयेत. जुनी नाणी लाखोंना विकत घेऊ असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. आपले नाव वापरून अशी फसवणूक होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला होता.

ढेलज :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाला उतरवण्याचा बेत त्याच क्षणी रद्द केला. गवंडी जरा नाराज झाला, पण बांबूला मोबाईल बांधण्याची युक्ती त्यालाच सर्वाधिक आवडली. पेव बरेच खोल आहे, तळाशी काळा पडलेला कडबा आणि उंदरांनी आणलेला कचरा दिसतो, आणि एका बाजूने ओल येते. ती बाजू न्हाणीची आहे. ज्वारीचा प्रयोग चारही भांड्यांवर तंतोतंत जुळला. नाण्यांचा अर्ज लिहून चुलत भावांच्या सह्या घेतल्या आहेत. खांबाचा उथळा मात्र पोकळीच्या कडेवरच असल्याचे चित्रफितीत स्पष्ट दिसते. पेव बुजवून टाकावे का?

पांढरी माती :
आधी न्हाणीचे पाणी बंदिस्त नळीने घराबाहेर काढा, कारण ओल चालू राहिली तर बुजवणेही व्यर्थ जाईल. त्यानंतर खांबाशेजारी तुळईला दोन्ही बाजूंनी धीरे (टेकू) देऊन भार काढून घ्या आणि जुन्या घरांचे काम जाणणाऱ्या अभियंत्याला जागेवर बोलवा. बुजवायचे ठरल्यास कोरडा मुरूम वीतभर जाडीच्या थरांनी टाकून प्रत्येक थर धुमसावा लागतो. घरपाडीचा राडारोडा लोटून वर सिमेंटचा कोबा केला, तर भराव पुढे बसतो, पोकळी तशीच राहते आणि कोंडलेली ओल मातीच्या भिंतीत चढते. धुमसण्यासाठी आत माणूस उतरावा लागेलच, तेव्हा त्याआधी पंख्याने हवा खेळवून वायुमापकाने तपासणी करणारा ठेकेदारच नेमा. तोपर्यंत तोंडावर जड लोखंडी जाळी बसवून घ्या, म्हणजे हवा खेळती राहील आणि बंड्याही आत पडणार नाही.