पडवीच्या वाशातले भुंगे आणि बंबलबीच्या पिढ्या

वाडीकर (गुहागर):
आमच्या पडवीच्या वाशांना मोठे काळे भुंगे दरवर्षी बोट जाईल एवढी गोल भोके पाडतात. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी वाचताना असे आढळले की बंबलबीची (गुबगुबीत, केसाळ रानमाशीची) वसाहत एकाच हंगामात संपते, पण त्याच हंगामात तिच्या अनेक पिढ्याही निघतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? आणि आमची भोके तर वर्षानुवर्षे वापरात आहेत.

रानवाट:
तुमचे भुंगे बंबलबी नव्हेत. भारतात बंबलबी हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत आढळतात. कोकणात वासे पोखरतो तो सुतार भुंगा. (जुन्या कवींनी कमळाच्या कळीत अडकवला, तो बहुधा हाच.)

गोंधळ ‘पिढी’ या शब्दाने झाला आहे. हिवाळा जमिनीत एकटीने काढलेली राणी वसंतात उंदराच्या रिकाम्या बिळासारखी जागा शोधते, मेणाच्या कुंडीत मध साठवते आणि अंड्यांना कोंबडीसारखी पोटाची ऊब देते. काही आठवड्यांनी पहिल्या कामकरी माश्या निघाल्या की चारा आणण्याचे काम त्या उचलतात. त्यानंतरच्या तुकड्याही त्याच राणीच्या पोटच्या, म्हणजे बहिणी-बहिणी. त्यांत आजी-नात असे नाते नसते. हंगामाच्या शेवटी नर आणि नव्या राण्या जन्मतात, जुनी राणी वसाहतीसह मरते आणि नराशी मीलन झालेल्या नव्या राण्या तेवढ्या हिवाळा काढतात. खरी पिढी राणीपासून राणीपर्यंत मोजायची, आणि ती सहसा वर्षाला एकच.

माडबाग:
‘सहसा’ हा शब्द विसरू नये. युरोपातील बॉम्बस प्राटोरम ही बंबलबीची जात इतकी लवकर घरटे करते की अनुकूल भागांत त्याच वर्षी दुसरी पिढीही उभी राहते. दक्षिण इंग्लंडमध्ये बॉम्बस टेरेस्ट्रिसच्या काही राण्या झोपी न जाता शरदातच घरटे थाटतात, त्यामुळे तेथे ऐन हिवाळ्यातही कामकरी माश्या फुलांवर दिसतात.

सुतार भुंग्यांत कामकऱ्यांचा वेगळा वर्ग नसतो. मादी लाकडात बोगदा कोरते, परागाचा एकेक गोळा ठेवून त्यावर एकेक अंडे घालते आणि मध्ये भुशाचे पडदे बांधते. पिल्ले मोठी झाल्यावरही काही काळ आईजवळच राहतात, आणि जुना बोगदा पुढच्यांना आयता मिळतो.

वाडीकर:
भोकाखाली भिंतीवर पिवळे ओघळ दिसतात, ते कशाचे?

माडबाग:
ती त्यांची विष्ठा. पराग खाल्ल्यामुळे पिवळी. ओघळ ताजे असतील तर घर भरलेले आहे, असे समजावे.