औषधे सुरू असताना रिट्रीटला जावे का?

प्रश्न (वानवडी): आमच्या चर्चने ख्रिस्ती अध्यात्म आणि मानसिक आरोग्य या विषयावर तीन दिवसांचे रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचे शिबिर) ठेवले आहे. माझी नैराश्यावरील औषधे सुरू आहेत. पूर्वी एका प्रार्थनासभेत ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असे ऐकावे लागल्याने मन कचरते. आधी काय विचारून घ्यावे?

उत्तर १ (खडकी): एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, तर भाकर आणि पाणी देऊन पुन्हा झोपू दिले, त्यामुळे नैराश्याला अविश्वास म्हणणाऱ्यांनी बायबलमधील १ राजे, अध्याय १९ पुन्हा वाचावा, असे मला (थोडे रागानेच) वाटते.

उत्तर २ (कॅम्प): मौन किती तास आहे आणि उपवास सक्तीचा आहे का, हे अवश्य विचारा. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या पद्धतीच्या रिट्रीटमध्ये मौन दीर्घ असते, आणि खिन्न मनाला ते कधी निववते, तर कधी त्याच त्या विचारांत अडकवते. लिथियम (मनःस्थितीतील टोकाचे चढउतार आवरणारे औषध) घेणाऱ्यांनी उपवासात पाणी वर्ज्य करणे धोक्याचे असते. गोळ्या परस्पर थांबवू नका. रात्री फारच अस्वस्थ वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना मौनाविषयी विचारतो.